आमिनिएलीच्या उशाशी मांडलेलं बाकडं

आइकांडेच्या अंगणात बसून कॉफी प्यायल्याशिवाय कुणी आमचं गाव पाहिलं म्हणू नये, असं मी डोंगराखालच्या मोशी शहरातून वर येणाऱ्या प्रत्येक गाडीवाल्याला सांगत आलोय. तिची आणि माझी केळीची बाग शेजारीशेजारी, मध्ये फक्त पाण्याचा पाट. तिनं खापरात बिया टाकल्या की वास पाट ओलांडून माझ्या ओसरीवर येतो आणि माझी म्हातारी म्हणते, "जा आता, बोलावणं आलंय तुला." बोलावणं कुणी पाठवलेलं नसतं. पण मी जातो.

ही बाई कशी, ते आधी सांगतो. उंचीला बेताची, आवाजाला मोठी. चर्चमध्ये ती गायला लागली की पाद्री आपलं तोंड नुसतं हलवतात. नवरा आमिनिएली अबोल. लग्नानंतर वर्षभर तिला वाटत होतं की नवरा मुका आहे आणि सासरच्यांनी ते लपवलंय. मग एकदा गाय सुटून पाटात पडली तेव्हा तो इतक्या जोरात ओरडला की आइकांडे गाय सोडून त्याच्याकडेच बघत बसली. गाय मीच बाहेर काढली. असो. तो आमिनिएली गेला, आणि आमच्या रीतीप्रमाणे त्याच्याच बागेत, बापाच्या नि आजाच्या शेजारी निजला. बागेच्या टोकाला, जिथून खाली दरी उतरते, तिथं त्या सगळ्यांच्या समाध्या आहेत, आणि त्यांच्याभोवती इसालेचं दाट कुंपण.

इसाले म्हणजे आमच्याकडे नुसतं झाड नाही. बांध त्याचा, समाधी त्याची आणि माफीही त्याचीच. आपण कुणाचं वाईट केलं तर त्याचं पान मोडायचं, गाठ मारायची, गावातला एखादा म्हातारा सोबत घ्यायचा आणि दारात जाऊन दोन्ही हातांनी पुढं करायचं. समोरच्यानं ते घ्यायचंच. नाही म्हणायची सोय नाही. माझ्या चुलत्यानं एकदा भावाचा बोकड कापून खाल्ला. भाऊ कोयता घेऊन आला, तर हा दारात पान घेऊन उभा, तोंड अजून तेलकट. भावानं कोयता खाली टाकला, पान घेतलं आणि विचारलं, "निदान काळीज तरी ठेवलंस का?" ठेवलं होतं. दोघांनी मिळून खाल्लं.

तर आता मुद्द्यावर येतो, कारण मुद्दा आठवला की माझं डोकं अजून तापतं.

गेली काही वर्षं आमच्याकडे एका दिवसाच्या सहली येतात. सकाळी गाडी येते, पाहुण्यांना धबधब्यापर्यंत चालवत नेतात, परत आणून आइकांडेच्या अंगणात बसवतात. ती त्यांच्याकडून पिकलेली फळं तोडून घेते, वाळलेल्या बिया उखळात घालून मुसळ त्यांच्या हातात देते, गाणं म्हणते, सुपानं फोलपटं पाखडते, भाजते, कुटते, उकळते. गोरे पाहुणे दोन घाव घालून दमतात आणि खुशीत हसतात. मग केळी-मटणाचं जेवण, आणि गाडी खाली. गावाला त्यातून बरं चाललंय, हे मी नाकारत नाही. रस्ता सुधारला. शाळेला छप्पर आलं.

या सहलींचा गाईड विल्बार्ड. चाळिशीचा गडी, डोळ्यांवर काळा चष्मा, तोंडात मध. जन्म वरच्या गावातला, पण वाढला मोशीत. त्याला डोंगर ठाऊक आहे तो फोटोतला. पाहुण्यांना तो काहीही सांगतो. मला दाखवून एकदा म्हणाला, "हे आमच्या शेवटच्या राजाचे भालाईत." मी त्या वेळी गाईला गवत टाकत होतो.

एका मंगळवारी आइकांडे केळीचे घड घेऊन बाजाराला गेलेली. मागं विल्बार्डनं दोन माणसं आणली आणि समाध्यांभोवतीचं इसाले दरीच्या बाजूनं कमरेखाली छाटून टाकलं. कारण काय, तर तिथून एका नजरेत धबधब्याची दरी आणि वर किबो शिखराचं बर्फ दिसतं. हातात कॉफीचा पेला आणि समोर डोंगर, असा फोटो त्याला हवा होता. नुसतं छाटून थांबला नाही. एक बाकडं आणून मांडलं. कुठं? आमिनिएलीच्या उशाशी.

मी त्या दिवशी घरी नव्हतो. असतो तर हे लिहिण्याची वेळ आली नसती, वेगळंच काही लिहावं लागलं असतं.

दुसऱ्या दिवशी सहल आली. आइकांडे अंगणात कॉफी गाळत होती. पेले भरून झाले, आणि विल्बार्ड पाहुण्यांना म्हणाला, "चला, आता खरी मजा तिकडं." पाहुणे पेले घेऊन बागेत गेले. हिला वाटलं केळी बघायला निघाले असतील. साखर राहिली म्हणून ती डबा घेऊन मागं गेली. मीही मागोमाग, कारण साखर मलाही हवी होती.

पाहतो तर काय, दोघे बाकड्यावर, पाय आमिनिएलीच्या छातीवर. एका बाईनं आपला पेला क्रुसाच्या आडव्या दांडीवर ठेवलेला, फोटो काढायला हात मोकळे हवेत म्हणून. तिला बिचारीला दोष देत नाही, तिनं विल्बार्डला विचारलंही, हे काय आहे म्हणून. आणि हा म्हणाला, "जुनी बांधाची खूण आहे, बसा बसा."

आइकांडेनं साखरेचा डबा माझ्या हातात दिला. मग एकेका पाहुण्यापाशी जाऊन त्याच्या हातातला पेला काढून घेतला, हळूच, लेकराच्या हातातून सुरी काढून घ्यावी तसा. शेवटी क्रुसावरचा पेला उचलला आणि पदरानं ती दांडी पुसली. पाहुण्यांना कळलं. ते आपण होऊन उठले. विल्बार्डला मात्र कळलं नाही.

"काकू, अजून प्यायचीय त्यांची," तो म्हणाला.

"संपली," ती म्हणाली.

गाडी गेल्यावर तिनं फाटकाला बांबू आडवा घातला, आणि तो काढलाच नाही.

आता खरा संताप ऐका. पुढच्या सहलीला गाडी येऊन परत गेली आणि गावात आरडाओरडा सुरू झाला. आइकांडेनं गावाचं नुकसान केलं, आइकांडे हट्टी, आइकांडेला बदललेले दिवस कळत नाहीत. सहल समितीचा अध्यक्ष कानूती यानं बैठक बोलावली. मला वाटलं विल्बार्डला जाब विचारणार. कानूतीनं कागदावर काढलेलं चित्र भिंतीला लावलं. बागेच्या त्या टोकाला सिमेंटचा ओटा, लोखंडी कठडा, आणि वर छत्री.

"हे बघा," कानूती म्हणाला, "देखावा गावाचा आहे. एका घराचा नाही."

"आणि नवरा?" मी विचारलं. "तोही गावाचा का?"

"मेकू, तुम्ही जुन्या वळणाचे." मेकू म्हणजे आमच्याकडे म्हातारा. मानानंही म्हणतात आणि गप्प करायलाही. "समाध्या कुठं हलवतोय आपण? ओटा बाजूनं होईल."

"तुझ्या बापाच्या बाजूनं कर. तोही दरीकडेच झोपलाय."

"तिथून डोंगर दिसत नाही," कानूती म्हणाला, अगदी प्रामाणिकपणे.

शेवटी ठरलं की विल्बार्डनं रीतीप्रमाणे इसालेचं पान घेऊन जावं आणि माफी मागावी. ऐकायला किती छान. पण बैठकीतून उठताना कानूती त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला ते मी ऐकलं. "पान घेतलं की राग संपला. राग संपला की फाटक उघडलं. मग ओट्याचं बघू." म्हणजे माफी मागायला नव्हे, ओट्याची जागा घ्यायला चालले होते. ज्या पानानं माझ्या चुलत्याचं मुंडकं वाचलं त्या पानाची यांनी पहार केली. आणि सोबत म्हातारा हवा म्हणून माझ्याच दारात आले.

मी गेलो. पान घेऊन निघालेल्याला सोबत नाकारायची नाही, हीही रीतच. मनात म्हटलं, आइकांडे पान घेणार, कारण घ्यावंच लागतं, आणि महिन्याभरात आमिनिएलीच्या उशाशी लोक छत्रीखाली बसतील.

विल्बार्ड इस्त्रीचा सदरा घालून आला होता. फाटकाशी पोचलो तेव्हा माझी नजर त्याच्या हातातल्या पानाकडे गेली. देठाशी चुन्याचे ठिपके. आइकांडेची पोरं दर नाताळात घरी आली की समाध्यांना चुना देतात आणि कुंपणावर सगळा उडवतात. गावात दुसऱ्या कुणाच्या इसालेवर चुना नाही.

"हे पान कुठून आणलंस?" मी विचारलं.

"तिथंच पडली होती की," तो म्हणाला. "छाटलेली. अजून ताजी आहेत."

ज्याचं कुंपण तोडलं, त्याच कुंपणाचं पान उचलून त्याच्याच बायकोकडे माफी मागायला आलेला हा पठ्ठा. मी तोंड उघडणार तेवढ्यात आइकांडे बाहेर आली. विल्बार्डनं दोन्ही हातांनी पान पुढं केलं. तिनं ते घेतलं, उलटून पाहिलं, देठावरून अंगठा फिरवला.

"माफ केलं," ती म्हणाली.

विल्बार्डनं श्वास सोडला. "काकू, तुमचं मन मोठं. मग उद्या गाडी आणू?"

"तुला नाही रे. त्याला."

"कुणाला?"

"पान ज्याच्या घरचं, माफी त्याची. हे आमिनिएलीचं पान आहे. म्हणजे त्यानं माझी माफी मागितली." ती माझ्याकडे वळली. "काय हो मेकू, बरोबर ना?"

"अगदी बरोबर," मी म्हणालो. माझा राग इतका होता की हसू आलं तेव्हा ठसका लागला.

"मला एकटीला टाकून मेला, त्याची मागितली असेल. तीस वर्षांत पहिल्यांदा काही बोलला. मी माफ केलं त्याला." तिनं पान कमरेला खोचलं. "आता तुझं तू आण. तुझ्या बापाच्या बागेतलं."

वरच्या गावात विल्बार्डच्या बापाची बाग आहे. बाप गेल्यापासून त्याची आई अन्सिला एकटी राहते तिथं. हा रोज लोकांना डोंगर दाखवत तिच्या वाटेच्या खालून जातो, आणि वर चढत नाही.

"काकू, ते लांब पडतं," तो म्हणाला.

"पाहुण्यांना धबधब्यापर्यंत चालवतोस ना?"

गेला. काय झालं तिथं ते मी पाहिलं नाही, पण रविवारी प्रार्थनेनंतर वरच्या वाटेनं अन्सिला उतरताना दिसली. डोक्यावर पाटी, पाटीत पान नव्हे, इसालेच्या हातभर लांब फांद्या, बुंध्याला ओली माती बांधलेली. मागं विल्बार्ड, खांद्यावर कुदळ, इस्त्रीच्या सदऱ्याचा पत्ता नाही. अन्सिलानं पाटी उतरवली, त्यातलं एक पान तोडलं, गाठ मारली आणि पोराच्या हातात दिलं.

"दे. आणि चष्मा काढ."

त्यानं चष्मा काढून पान दिलं. आइकांडेनं घेतलं. या वेळी ती "माफ केलं" म्हणाली तेव्हा विल्बार्डकडे बघून म्हणाली.

एवढ्यात कानूती आला, घाईघाईनं, काखेत तेच गुंडाळलेलं चित्र. "झालं ना सगळं गोड? मग आता त्या ओट्याचं..."

अन्सिलानं त्याला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तू या बाईचा नवरा का?"

"नाही, मी समितीचा..."

"मग बाजूला हो. खड्डे घ्यायचेत."

कानूती बाजूला झाला. खरं म्हणजे त्यानं अजून ते चित्र फाडलेलं नाही, आणि परवाच कुणाला तरी म्हणत होता की फांद्या काय, वाढल्या की छाटता येतात. म्हणून तर मी हे लिहून ठेवतोय. इसाले छाटायला येणाऱ्यानं मी पाटापलीकडे बसलेला असतो हे ध्यानात धरावं.

विल्बार्डनं खड्डे घेतले. दोन बायकांनी फांद्या रोवल्या, इतक्या दाट की मधून कोंबडी जाणार नाही. मी बाकडं उचललं, गोठ्यात नेऊन ठेवलं आणि त्यावर गवताचा भारा टाकला. मग आइकांडेनं चूल पेटवली. अन्सिलानं मुसळ घेतलं, आइकांडेनं गाणं धरलं, आणि वरच्या गावची बाई आमचं गाणं भलत्याच चालीत म्हणते म्हणून दोघींचं तिथंच भांडणही झालं. कॉफी उकळली. पहिला पेला अन्सिलाला, दुसरा मला. कानूतीलाही मिळाला, ती आइकांडेची चूक, मी दिला नसता.

विल्बार्डला सगळ्यात शेवटी. तोवर तो पाटातून पाणी आणून फांद्यांच्या मुळाशी घालत होता. समोर ढग हटून किबो लख्ख उघडा पडला होता. त्यानं पेला घेतला आणि डोंगराकडे पाठ करून, समाधीकडे तोंड करून, उभ्यानंच प्यायला.