पिंपळाची डावी फांदी

चाकूरच्या शाळेत शिक्षक असताना बाबांनी भिंतीच्या भेगेत उगवलेलं पिंपळाचं रोप काढून उथळ कुंडीत लावलं. वीस-बावीस वर्षांत ते दीड हाताचं झालं. पुढे गुडघ्यांमुळे त्यांना गच्चीचा जिना चढवेना, तेव्हा झाड नांदेडला माझ्याकडे आलं. दर बुद्धपौर्णिमेला ते आमच्या वस्तीच्या विहारात मूर्तीशेजारी ठेवलं जातं. त्यासाठी बाबा चाकूरहून येतात.

झाडासोबत सूचना दोनच होत्या. कात्री मृग लागल्यावर चालवायची. फांद्या आणि मुळं एकाच वर्षी कापायची नाहीत.

मी वर्तमानपत्रात उपसंपादक आहे. मजकूर कापून वेळेत पान छपाईला सोडणं हे माझं काम. त्या वर्षी पौर्णिमा आठ दिवसांवर आली आणि झाड मला अस्ताव्यस्त वाटलं. मी शेंडे छाटले, डावी फांदी तारेने वाकवली, लातूरहून आणलेल्या नव्या कुंडीत बसावं म्हणून मुळंही कापली. काम तासाभरात झालं. झाड देखणं दिसत होतं. चौथ्या दिवशी सगळी पानं गळाली.

पौर्णिमेच्या सकाळी बाबा आले. कुंडीपाशी बसून त्यांनी तार पाहिली.

"कशाची घाई होती?"

"कार्यक्रम होता म्हणून."

त्यांनी नखाने खोडाची साल खरवडली. आत हिरवं होतं. डावी फांदी खरवडली. आत तपकिरी.

"खोड जिवंत हाय. ही गेली."

ती फांदी त्यांनी एका कोंबापासून वाढवली होती. मी म्हणालो, यंदा झाड घरीच राहू द्या. ते म्हणाले, "उचल."

विहारात फुलं मांडणाऱ्या बाई थबकल्या. "गुरुजी, तुमच्या पेपरवाल्यानं झाडाची पार चार ओळीची बातमी करून टाकली की!" लोक हसले. बाबाही हसले.

आषाढात त्या मेलेल्या फांदीच्या खाली एक तांबूस कोंब फुटला. मी लगेच फोन केला.

"तार लावू नको. कापू नको. पाणी घाल अन् बघत राहा."

"किती दिवस?"

"फांदी म्हणावं असं व्हायला धा वर्सं लागतील."

बाबा तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे होते. मी "बरं" म्हणालो. मग त्यांनी पावसाचं विचारलं.

त्याला दोन वर्षं झाली. बाकीचं झाड पुन्हा पानांनी भरलं. कोंब आता पेन्सिलीएवढा जाड आहे, थोडा तिरपा वाढलाय. मी त्याला हात लावलेला नाही. या पौर्णिमेला विहारात मी कुंडी अशी ठेवली की भरलेली बाजू लोकांकडे यावी आणि कोंब भिंतीकडे. बाबांनी ती दोन्ही हातांनी फिरवली. कोंब दाराकडे आला.

"उजेड तिकडून येतो."

"बाबा, लोकायला रिकामी बाजू दिसंल."

"दिसू दे," ते म्हणाले आणि पुढच्या रांगेत जाऊन बसले.