दंडावरचे टाके

जखमेवर लावायच्या टिंक्चर आयोडीनचा वास आला की सोलापूरची ती कचेरी आठवते. वडील डॉक्टर म्हणून लढाईवर गेले तेव्हा मी पाळण्यात होते. ते परतलेच नाहीत. मी सोळा वर्षांची झाले तेव्हा कुठे आईच्या अर्जांना यश आलं आणि त्या कचेरीत त्यांची लष्करी नोंद माझ्या हातात पडली: नाव, हुद्दा, बसऱ्याचं इस्पितळ, मृत्यूची तारीख. बस्स. वडिलांचं नाव ऐकताच, त्याच लढाईवर जाऊन आलेल्या कचेरीतल्या पट्टेवाल्याने बाही वर सारली. दंडावर लांबलचक वण होता. "ह्ये टाके डॉक्टरसायबांनीच घातल्यात की, ताई. मी वरडू नये म्हनून पाळण्यातल्या पोरीचं लई कवतिक सांगत हुते. हात लावून बगा." मी लावला नाही. कागदाची घडी घालून तरातरा बाहेर पडले. आज साठी उलटली, तरी त्या माणसाचा हेवा जात नाही. माझं कौतुकसुद्धा त्यानेच ऐकलं.