भामाने घ्यायचं नाव

जेवणं आटोपली आहेत, भांडी घासून पालथी घातली आहेत आणि सुंदरा पडवीतल्या गार फरशीवर जराशी कलंडली आहे. झोपायचं नाही, असं तिने स्वतःला बजावलं आहे. चार वाजता अंगणवाडीत वर्ग आहे, प्रौढांचा. जायचं की नाही ते अजून ठरत नाही. न ठरलेली गोष्ट डोक्यात घेऊन पडलं की झोप कशी लागते कोण जाणे, पण डोळे जड होत चालले आहेत.

काल वर्गाचा पहिला दिवस होता. पोस्टमनची सून शीतल शिकवायला आली होती. पोरगी गोड. म्हणाली, "आधी ओळख करून घेऊ. एकेकीने उठायचं, पूर्ण नाव सांगायचं आणि शिकायला का आलात ते सांगायचं." बायका पदराआड हसल्या. एकीने उखाण्यातून नवऱ्याचं नाव घेतलं, तिचं बघून दुसरीनेही घेतलं. सुंदराची पाळी आली. ती उठली, "सुंदरा..." म्हणाली आणि शेजारी बघत उभी राहिली. शेजारी भिंत होती. शीतलने दोनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारायच्या आत सुंदरा चपला हातात घेऊन जी निघाली, ती घरी येऊनच थांबली.

ती शेजारी का बघत होती, ते सांगायला हवं. सुंदराने नवऱ्याचं नाव जन्मात तोंडातून काढलेलं नाही. आपण काढू, आपल्याला काय अडचण आहे? निवृत्ती वाघमोडे, वय साठीच्या पुढे, चांगला धडधाकट, डाळिंबाच्या बागेत छाटणीला जाणारा साधा माणूस. पण सुंदराला लाज ती लाज. शेजारच्या भामाचंही तसंच. दोघी एकाच वर्षी या गावात नांदायला आल्या आणि दोघींनी मिळून त्यावर तोड काढली. रेशनच्या दुकानात, पंचायतीत, मतदानाला, कुठेही नाव विचारलं की सुंदराचं भामा सांगायची आणि भामाचं सुंदरा. हळदीकुंकवालासुद्धा एकमेकींच्या नवऱ्यांचे उखाणे घ्यायच्या आणि बायका पोट धरधरून हसायच्या. चाळीस वर्षं हे असं बिनबोभाट चाललं. वर्गात नाव घातलं तेही दोघींनी मिळूनच. आणि महिन्याभरापूर्वी भामा गेली. वर्ग मात्र ठरल्या दिवशी सुरू झाला.

फरशी गार लागते आहे. मग ती फरशी राहत नाही, अंगणवाडीतली सतरंजी होते, आणि सुंदराच्या शेजारी भामा बसलेली आहे. तेच हिरवं लुगडं, दाताला मिसरी.

"किती गं उशीर," सुंदरा म्हणते. "काल मी एकटी पडले."

"वाट लांब हाय बाई."

"कुठली लांब? मधी एक भिंत तर हाय आपल्या."

भामा हसते. तिच्या हसण्याला नेहमीचा आवाज नाही, पण सुंदराला त्यात काही वावगं वाटत नाही. आली हेच पुष्कळ.

"पुढची ओळख," शीतल म्हणते.

सुंदरा कोपराने ढोसते. "सांग की माझं."

भामा छताकडे बघत बसते. छताला तराजू टांगलेला आहे. रांग लागली आहे, बायकांच्या हातात पिशव्या आहेत आणि तराजूमागून रेशनवाला ओरडतो आहे, "नाव काय, नाव?" मागच्या बायका ढकलायला लागतात.

"भामे, सांग की! चाळीस वरसं सांगितलंस, आन् आजच तोंडाला कुलूप?"

"आता तुझं तूच घे."

"मी? वेड लागलंय का तुला?"

रेशनवाला पिशवी परत करतो. तो आता रेशनवाला नाही. काचेच्या खिडकीमागे बसून तो कागद लिहितो आहे, आणि फिनेलचा वास येतो आहे. सुंदरा वासावरूनच जागा ओळखते.

"इथं नको," ती म्हणते. "भामे, चल. इथं नको."

"पेशंटचं नाव?" खिडकीतला माणूस विचारतो.

"भामा दगडू शेळके." तिच्या तोंडून आपोआप निघतं. सवयच ती.

"सोबत कोण?"

भामाला दवाखान्यात आणलं त्या दिवशीही त्याने हेच विचारलं होतं. आणि सुंदरा, चाळीस वर्षांच्या सवयीने, स्ट्रेचरकडे वळली होती. भामाने सुंदराचं नाव सांगावं म्हणून. भामाचा श्वास तोवर थांबला होता आणि सुंदरा वाट बघत उभी होती. शेवटी त्या माणसाने कंटाळून 'शेजारीण' एवढंच लिहिलं. ही गोष्ट सुंदराने कुणालाही सांगितलेली नाही. तिला स्वतःचीच फार शरम वाटते.

आज भामा स्ट्रेचरवर पाय सोडून बसली आहे.

"लई वाट बघितलीस गं माझी," ती म्हणते.

"मला कळलंच न्हाय. मला वाटलं, दम लागलाय तुला. घेशील सावकाश."

"घ्यायचंच हुतं. ओठावर हुतं बघ."

सुंदराला रडू फुटतं. "मग आता घे की. मी त्याला परत इचारायला लावते. भामे, एकडाव घे."

"मला न्हाय आता तोंड. तूच घे."

"मी घेतलं म्हंजी तू जाशील."

भामा जिवंतपणी ऊठसूट थापा मारायची, त्यात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. आता मात्र ती सरळ बघते आणि म्हणते, "व्हय. जाईन."

"मग न्हाय घेत."

"मग रोज काय भिताडाकडं बघत हुबी ऱ्हानार? लोकं मलाच नावं ठेवतील. म्हनतील, भामीनं मैतरणीला मुकी करून ठेवली."

"ठेवू देत."

"सुंदरे," भामा म्हणते, आणि तिचा आवाज इतका थकलेला आहे की सुंदराचा हट्ट गळून पडतो. "मला बी ऐकू दे की गं एकदा. तुझ्या तोंडानं कसं लागतं ते."

खिडकी नाही, स्ट्रेचर नाही. भिंतीवर आंबा, घर आणि बदकाची चित्रं आहेत. साऱ्या बायका वळून बघत आहेत. सुंदरा उभी राहते आणि भामाचा हात घट्ट धरते. हात तोच आहे, बागेतल्या काट्यांनी ओरखडलेला.

"सुंदरा," ती म्हणते.

भामा मान हलवते. पुढं.

"निवृत्ती." शब्द आधी पुटपुटल्यासारखा निघतो आणि मग एकदम मोठ्याने बाहेर पडतो, "निवृत्ती वाघमोडे!"

"शिकायला का आलात?" शीतल विचारते.

"भामी म्हनली म्हनून," सुंदरा सांगते. पण हात हलका होत गेलेला आहे, आणि मुठीत आता तिचीच बोटं आहेत.

ती डोळे उघडते. उन्हं पडवीत आली आहेत. घसा दुखतो आहे, ओरडल्यासारखा. आणि दारात नवरा उभा आहे, धापा टाकत. गोठ्यातून तसाच धावत आलेला दिसतो, कारण हातात शेळीचं दावं आहे आणि दाव्याला शेळीही आहे.

"मला कुनी हाक मारली?" तो विचारतो.

सुंदरा उठून बसते.

"भामावैनीचा आवाज आला. माझं नाव बायामाणसांत त्याच घ्यायच्या. मला वाटलं..." काय वाटलं ते तो सांगत नाही. पण धावत आला आहे, तेव्हा काय वाटलं असेल ते दिसतंच.

"मीच घेतलं," सुंदरा म्हणते.

"तू?"

"आवं, ती गेली. मंग कुनी घ्यायचं?"

भामा गेली, हे तिने महिनाभरात पहिल्यांदाच तोंडाने म्हटलं आहे. म्हटल्यावर मात्र तिला रडू आवरत नाही. निवृत्ती शेळी सोडून देतो आणि तिच्याजवळ फरशीवर बसतो. असल्या वेळी काय करायचं असतं ते त्याला ठाऊक नाही.

"मला तर त्याच वाटल्या," तो पुन्हा म्हणतो. "हुबेहूब त्यांचाच आवाज."

सुंदरा डोळे पुसते. मग नवऱ्यासमोर, हळूच, ती ते नाव पुन्हा एकदा घेते आणि कान देऊन ऐकते, त्यात भामा कुठे सापडते का. या वेळी आवाज तिचा एकटीचाच असतो. ती उठते, तोंड धुते आणि वर्गाला निघते.