पुठ्ठ्याआडचा स

माझ्या आत्याला मुलं ‘जीभबाई’ म्हणत. तोंडावर नव्हे, जिना उतरताना. तिला ते ऐकू जायचं आणि मनातून आवडायचंही. “जिभेला हाड नसतं तेच बरं,” ती मला म्हणायची, “नाहीतर ती वळवता वळवता माझाच जीव गेला असता.”

सकाळी ती बालवाडीत शिकवायची. दुपारी घरातल्या बाहेरच्या खोलीत तिच्याकडे अशी मुलं यायची ज्यांना एखादं अक्षर म्हणता येत नसे. कुणी ‘र’ला ‘ल’ म्हणायचं, कुणी ‘क’ला ‘त’. आत्याकडे या कामाची कसलीही पदवी नव्हती. एका मुलाला सहज जमवून दिलं, त्याच्या आईनं चार जणींना सांगितलं, आणि खोलीत छोट्या खुर्च्या आल्या. ‘र’साठी ती वरच्या दातांमागे साखरेचा दाणा चिकटवायची आणि जिभेच्या टोकानं तो शोधायला लावायची. ‘स’साठी ओठांसमोर कागदाची पट्टी धरायची. “सायकलच्या चाकातली हवा सोड बघू. स्स्स्स. पट्टी हलली पाहिजे.” मी तेव्हा कॉलेजात होते, तिच्याकडेच राहत होते. आतल्या खोलीत अभ्यास करताना ते स्स्स्स माझ्या डोक्यात भिनून जायचं.

बटण आली तेव्हा पाच वर्षांची होती. कोपऱ्यावरच्या शिंप्याची मुलगी. फ्रॉकला पुढून मागून बटणंच बटणं, त्यातली निम्मी नुसती शोभेची, म्हणून बटण. तिला ‘स’ येत नव्हता. साबणाला ताबण, सायकलला तायकल. बोलायचीही जरा मोठ्यानं. त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही, कारण शिंप्याच्या घरात दिवसभर दोन मशिनी चालायच्या आणि सगळेच ओरडून बोलायचे. हाक मारली की ती वळायची. गोष्ट सांगितली की हसायची. आत्याच्या तोंडाकडे तर अशी टक लावून बघायची की आत्या खूश होऊन म्हणाली, “हिचं महिन्यात होईल.”

महिना गेला, तीन गेले. पट्टी हलायची. जीभ योग्य जागी जायची. आत्यानं समोर बसून स्स्स्स केलं की बटणही स्स्स्स करायची. पण शब्द आला की पुन्हा ताबण.

“करता येतं आणि करत नाही,” आत्या जेवताना कुरकुरली. “म्हणजे लक्ष नाही.”

आपली विद्या आजवर एकाही मुलावर वाया गेली नव्हती, त्यामुळे आत्याचा पारा चढू लागला. तिनं स्वतः दोन चित्रं काढली होती. एकात साप, दुसऱ्यात ताप आलेला मुलगा, कपाळावर ओल्या फडक्याची घडी. आत्या एक शब्द म्हणायची आणि मुलानं त्या चित्रावर बोट ठेवायचं. समोर बघून बटण बहुतेक वेळा बरोबर बोट ठेवायची. मग आत्यानं ठरवलं की मुलीचं लक्ष तोंडाकडे फार जातं, कानांकडे कमी. तिनं वहीचा पुठ्ठा घेतला आणि आपल्या ओठांपुढे धरला.

“साप.”

बटणनं तापावर बोट ठेवलं.

“नीट ऐक. साप.”

आता सापावर.

“ताप.”

पुन्हा सापावर. आणि मग बटण खुर्चीवरून घसरली, जमिनीवर गुडघे टेकले आणि मान वाकडी करून पुठ्ठ्याच्या खालून आत्याचे ओठ बघू लागली.

“चोरी!” आत्या ओरडली. “बस वर. कॉपी करतेस होय माझी?”

मी दारात उभी होते. मला हसू आलं. हे मी लपवणार नाही.

त्यानंतर दोन महिने रोज तो पुठ्ठा. बटण हळूहळू कुठल्याही चित्रावर बोट ठेवून मोकळी व्हायला लागली. नंतर बोटही ठेवेना. मांडीवर हात ठेवून बसून राहायची. शेवटी आत्यानं हात टेकले. शिंपीणकाकू न्यायला आल्या तेव्हा ती जिन्याच्या तोंडाशीच त्यांना म्हणाली, “हुशार आहे हो तुमची मुलगी, पण हट्टी आहे. मनावर घेत नाही. घरी जरा धाक दाखवा.”

काकूंनी मान हलवली आणि बटणला दंडाला धरून खाली नेलं.

पुढची अडीच वर्षं आम्हाला बटणची फारशी खबर नव्हती. पहिलीत तिला पुन्हा बसवलं, एवढं कानावर आलं होतं. मग एका सकाळी शाळेच्या रस्त्यावर मागून आलेल्या सायकलनं तिला पाडलं. मनगट मोडलं. सायकलवाला दवाखान्यात काकुळतीला येऊन सांगत होता, “अहो, मी सबंध रस्ताभर घंटी वाजवत होतो. ही बाजूलाच होईना!” प्लास्टर घालणारे डॉक्टर म्हातारे आणि सावकाश होते. त्यांनी बटणला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि मागून हलक्या आवाजात काही शब्द म्हटले. मग तिला कानांच्या डॉक्टरकडे पाठवलं.

हे सगळं सांगायला शिंपीणकाकू आमच्याकडे आल्या. भांडायला आल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि डॉक्टरांचं बोलणं आठवून आठवून सांगू लागल्या. “जाड आवाज ऐकू येतात तिला, बारीक येत नाहीत. म्हणून हाक कळते, घंटी कळत नाही. आणि ‘स’ म्हणे सगळ्यात बारीक. तो तिच्या कानापर्यंत कधी पोचलाच नाही. जन्मापासून.” मग त्यांनी विचारलं, “बाई, तुमच्यापुढे रोज बसायची ती. तुम्हाला कधी काही वाटलं नाही?”

“नाही,” आत्या म्हणाली. “कधीच नाही.”

काकू गेल्यावर आत्या खिडकीशी जाऊन उभी राहिली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “मी खोटं बोलले. ती पुठ्ठ्याखालून बघायला लागली ना, तेव्हा क्षणभर मला शंका आली होती. वाटलं होतं, ही ऐकत नाहीये, ही ओठ वाचतेय. मग म्हटलं, छे. कारण तसं असतं तर माझ्या हातून ते होणार नव्हतं. दुसऱ्या कुणाकडे पाठवावं लागलं असतं.”

 मीही तो पुठ्ठा बघितला होता आणि हसले होते.

सहा महिने ती हे मनात घेऊन वावरली. एका दुपारी चप्पल घालून म्हणाली, “चल माझ्याबरोबर. एकटीनं जमणार नाही.” आम्ही शिंप्याच्या दुकानात गेलो. शिंपीकाका माप घ्यायला बाहेर गेले होते. काकू मशिनीवर होत्या. बटण कोपऱ्यात चिंध्या निवडत बसली होती, दोन्ही कानांमागे ऐकण्याची यंत्रं. आत्यानं उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. शंका आली होती, ती दाबली, आणि विचारलंत तेव्हा नाही म्हटलं.

काकूंचा पाय मशिनीवर थांबला. “मी तिला मारलं, बाई,” त्या म्हणाल्या. “तुम्ही हट्टी म्हणालात म्हणून. प्रत्येक ‘ताबण’ला एक. वर्षभर.”

“माझ्याकडे परत पाठवा तिला,” आत्या म्हणाली. “आता तिला ऐकू येतंय. मी सगळं भरून काढीन.”

“नको. दवाखान्यातल्या बाई शिकवतात तिला. त्या शिकलेल्या आहेत यातलं.” काकू हे टोचून बोलल्या नाहीत. नुसतं सांगितलं.

बटणनं मान वर केली. आत्याकडे नीट बघितलं. “मला तुमच्याकडे बसायला आवडायचं,” ती म्हणाली. तिचा ‘स’ अजून ओबडधोबड होता, पण होता. “घरी कुणाचंच नीट समजायचं नाही. तुमचं समजायचं. मग तुम्ही तोंड झाकायला लागलात.”



दुपारचा वर्ग आत्यानं आणखी चार वर्षं चालवला, पण नवं मूल आलं की आधी विचारायची, “कान तपासलेत?” नसतील तर दारातूनच परत पाठवायची. काही आया रागावायच्या. “आमचं मूल काय बहिरं आहे का?” त्या पुन्हा फिरकायच्या नाहीत. शेजारणींनी समजावलं, मीही समजावलं, पण तिनं ऐकलं नाही. मुलं कमी होत गेली आणि एक दिवस खुर्च्या बालवाडीला देऊन टाकल्या.

बटणचं तसं बरं झालं. वर्गात सगळ्यांपेक्षा वर्षानं मोठी राहिली, त्याची तिला लाज वाटायची असं ऐकलं. पण शाळा पुरी केली. एकदा आत्या आणि मी बाजारातून येत होतो, तर समोरून ती मैत्रिणींबरोबर येताना दिसली. हातवारे करत, मोठ्यानं काहीतरी सांगत होती आणि मैत्रिणी हसत होत्या. मी आत्याचा हात धरला. “हाक मारू या?”

“काय म्हणून मारू?” आत्या म्हणाली. तिनं पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि रस्ता ओलांडून पलीकडच्या बाजूनं चालू लागली. मी तिच्या मागे गेले.