तळ्याचा राखणदार

पेठच्या बाजूला डोंगरावर एक तळं आहे. भोवती राखीव जंगल आणि तारेचं कुंपण. तिथल्या राखणदाराचं नाव मी कधी विचारलं नाही. खरं तर मला त्याचा रागच यायचा. कुणी पाण्यात साधा खडा टाकला, तरी हा शिट्टी फुंकत धावायचा.

गेल्या खेपेला फाटकाजवळच्या उंबराला फडक्यानं तोंड बांधलेलं मडकं टांगलेलं दिसलं.

“हे काय, मामा?”

“घरवालीच्या अस्थी हायेत.”

त्याच्या पाड्यातलं माणूस गेलं, की अस्थी ह्याच तळ्यात सोडायची रीत. कुंपण झाल्यापासून मात्र पाण्यात काहीही टाकायला बंदी.

“लोक म्हणत्यात, नाशिकला गंगेत सोड. तिथं तिच्या वळखीचं कोन हाय? तिची सासू, जाऊ, आमचा थोरला पोरगा, समदी इथं हायेत.”

मला राहवलं नाही. “मग सोडा की गुपचूप. इथं बघायला कोण आहे?”

वाऱ्यानं मडकं हलू लागलं. त्यानं गळ्यातली शिट्टी बाजूला सारली आणि दोन्ही हातांनी मडकं हलकेच थांबवलं.

“मी हाय ना,” तो म्हणाला.