रक्त देण्याच्या आदल्या संध्याकाळी

विठ्ठलवाडी डेपोजवळच्या मेडिकलमध्ये ती माझ्या पुढे उभी होती. वय पन्नाशीचं, केसांत जीन्स शिवताना अडकलेला निळा दोरा, डावा गाल सुजलेला. दुकानदाराने दाढदुखीवरची नेहमीची गोळी काउंटरवर ठेवली. तिने ती दोन बोटांनी परत सरकवली.

"ही नको, भाऊ. उद्या सकाळी संशोधनासाठी रक्त द्यायचंय."

"अरे ताई, एक गोली से क्या होता है?"

"होतं. स्तनाचा कॅन्सर होण्याआधीच रोखता येईल का, ते डॉक्टर शोधतायत. त्यासाठी अंगात सूज आणणारं एन्झाइम मोजतात. ही गोळी त्यालाच दाबते. मग माझं रक्त त्यांच्या काय कामाचं?"

"तो फिर लवंग धरा दाढेत."

"तीही सूज दाबते, नको म्हणालेत. विचारून झालंय माझं."

दुकानदार हसला. "इसमें आपका क्या फायदा?"

"माझा काही नाही. आई त्यातच गेली, बहीणही गेली. घरात दोन मुली आहेत."

तिने फ्रिजमधली पाण्याची बाटली घेतली, गालाला लावली आणि पायऱ्या उतरली. संशोधनाचा निष्कर्ष यायला वर्षं लागणार होती. तिला सकाळपर्यंत दाढदुखी सोसायची होती.