गुणगुण थांबली की

ही गोष्ट मी वर्षानुवर्षं टाळली. घरात डॉक्टरीणबाईंचा विषय निघाला की मी उठून बाल्कनीत जायचो. आता सांगून टाकतो.

दिल्लीत आर. के. पुरममधल्या आम्हा मराठी कुटुंबांचे दात त्याच बघायच्या. बघताना सतत गुणगुणायच्या, सूर एकच, शब्द नाहीत. म्हणून त्या गुणगुणबाई. आधी जीभ, टाळू, गालांच्या आतल्या बाजू. दात सगळ्यात शेवटी. "दाताच्या आधी तोंड बोलतं," म्हणायच्या. काही खटकलं की गुणगुण मध्येच तुटायची. पडद्याबाहेर बसलेली माणसं तेव्हा एकदम गप्प व्हायची. खुर्चीजवळच्या बेसिनमध्ये ठिबकणारं पाणी तेवढं ऐकू यायचं.

माझा धाकटा भाऊ विनय अक्कलदाढ दाखवायला गेला, तेव्हा गुणगुण तशीच तुटली, आणि परत सुरूच होईना. मी पडदा सारला.

"काय झालं?"

"तुम्ही बाहेर थांबा. त्याचं त्यालाच सांगीन."

घरी येताना स्कूटरवर विनय मागून म्हणाला, "दादा, टाळूवर पांढरं आलंय, जिभेच्या कडेलापण. त्या म्हणाल्या, एवढ्यावरून नक्की काही नाही, पण एचआयव्हीची टेस्ट करून घे. घाबरू नको, औषधं आहेत."

माझ्या खांद्यावरचा त्याचा हात मला नकोसा झाला.

गणपतीत, आरतीनंतर प्रसाद वाटता वाटता मी चारचौघांत म्हणालो, "बाई चांगल्या घरच्या मुलांवर घाणेरडे संशय घेतात. आणि कसल्याकसल्या लोकांच्या तोंडात घातलेली हत्यारं तशीच आपल्या तोंडात!" हे खोटं होतं. प्रत्येक पेशंटनंतर त्या ती निर्जंतुक करायच्या, मी स्वतः पाहिलं होतं. दिवाळीपर्यंत दवाखाना ओस पडला. बाई गाझियाबादला गेल्या.

विनय आज पन्नाशी ओलांडून धडधाकट आहे, रोज गोळी घेतो. टेस्टला सोबत कोण होतं, हे त्यानं फार उशिरा सांगितलं. "त्याच, यार दादा. तू तर माझ्याशी बोलतच नव्हतास."

मी गाझियाबादला गेलो. बाई थकल्या होत्या, हात मात्र स्थिर.

"बसा. तोंड उघडा."

गुणगुण सुरू झाली. आणि तुटली. पाणी ठिबकत राहिलं. त्यांनी आरसा बाहेर काढला, माझ्याकडे पाहत राहिल्या.

"बोला."

"खालच्या डाव्या दाढेत कळ येते," मी म्हणालो.

"हो का?" त्यांनी वाकून तिथली मोकळी जागा पाहिली. ती दाढ त्यांनीच कधीकाळी काढली होती. मग हळूच गुणगुणू लागल्या.

त्या हिवाळ्यात बाई वारल्या. 'चुकलो, बाई' एवढंच म्हणायचं होतं.